दहावी पंधरा दिवसांवर आणि पुस्तकं अजून कोरी

वर्षभर काय झालं ते आता सोडून द्या. क्रिकेट, मोबाइल, घरातलं आजारपण, वडिलांच्या दुकानावर बसावं लागणं किंवा नुसता आळस, कारण काहीही असो, पेपर ठरलेल्या तारखेला सकाळी ११ वाजता सुरू होणार आहे. ज्यांच्या हातात जेमतेम दोन आठवडे आहेत आणि बालभारतीच्या पुस्तकांचा कोरा वास अजून गेलेला नाही, त्यांच्यासाठी हे लिहितोय. महाराष्ट्र बोर्ड, मराठी माध्यम असं धरलंय. सेमीच्या मुलांनी गणित-विज्ञानातल्या धड्यांची नावं आपापल्या पुस्तकाशी जुळवून घ्यावीत. १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसणाऱ्यांनाही यातलं बहुतेक लागू पडेल.

एवढ्या वेळात नव्वद टक्के पडत नाहीत. पडतात असं सांगणारे व्हिडिओ बघण्यात जेवढा वेळ जातो, तेवढ्यात संभाव्यतेचा अख्खा धडा होतो. पण पस्तीसपासून साठ-पासष्टपर्यंतचे मार्क हे पुस्तक पाठ असण्यापेक्षा पेपर ओळखीचा असण्याचे असतात. कुठला प्रश्न किती मार्कांचा, त्यात काय विचारणार, किती सोडायची मुभा आहे, हे सगळं बोर्डाने आधीच ठरवून दिलेलं असतं. पुस्तक शिकायला वर्ष लागतं. आराखडा एका संध्याकाळी कळतो. म्हणून पुढचे पंधरा दिवस आपण पेपराचा अभ्यास करायचा आणि पुस्तक लागेल तेवढंच उघडायचं.

पहिलं काम: कागदावर हिशोब मांडा

तीन भाषा, गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्रं असे सहा विषय, प्रत्येकी १०० मार्क. त्यातले ८० लेखी आणि २० अंतर्गत. पास व्हायला ३५. गणित, विज्ञान आणि सामाजिक शास्त्रांत लेखीचे ८० मार्क ४०-४०च्या दोन पेपरांत वाटलेले असतात आणि पास-नापास दोन्ही मिळून ठरतं. बीजगणितात दांडी उडाली तरी भूमिती सावरून घेऊ शकते, आणि उलटही.

आता दुसरी गोष्ट, जी पालकांनाही बऱ्याचदा ठाऊक नसते. टक्केवारी सहापैकी जास्त मार्कांच्या पाच विषयांवर निघते, म्हणजे बेस्ट ऑफ फाइव्ह. सहाही विषयांत पास व्हावं लागतंच, पण सगळ्यात नावडता विषय नुसता पास करून ठेवला तरी टक्केवारीला धक्का लागत नाही. पाच विषयांत पासष्ट आणि सहाव्यात अडतीस पडले तर तुम्ही पासष्ट टक्केवालेच. तेव्हा आत्ताच ठरवा की तो सहावा विषय कुठला. बहुतेकांचा गणित असतो, काहींचा इंग्रजी. त्याला पासापुरता वेळ द्यायचा आणि उरलेला वेळ ज्यात झटपट वर चढता येतं अशा विषयांना.

अंतर्गत २० मार्कांकडे मुलं फार बेफिकिरीने बघतात. जर्नल, गृहपाठाच्या वह्या, भाषेची तोंडी परीक्षा, विज्ञानाचं प्रात्यक्षिक यांतून ते मिळतात आणि ते शाळेच्या हातात असतात. यातलं काही बाकी असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून आज ते पुरं करा. अपुरं जर्नल मित्राच्या जर्नलवरून उतरवणं हा अभ्यास नाही हे कबूल, पण मार्कांच्या दृष्टीने या पंधरा दिवसांतली ती सगळ्यात किफायतशीर रात्र ठरेल. गणितात अंतर्गत १७ पडले की लेखीच्या ८० पैकी १८ मार्कांत तुम्ही पास. हा आकडा भिंतीवर लिहून ठेवायला हरकत नाही, भीती बरीच कमी होते.

दुसरं काम: जुने पेपर जमवा

मागच्या तीन-चार वर्षांचे मार्चचे आणि जुलैचे पेपर. भाषांच्या पेपराला आता कृतिपत्रिका म्हणतात, शोधताना त्या नावाने शोधा. पुस्तक हरवलं असेल तर ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर सगळी पुस्तकं फुकट मिळतात. २०२१ मध्ये कोविडच्या काळात एससीईआरटीने काढलेल्या विषयवार प्रश्नपेढ्याही अजून फिरत असतात, मिळाल्या तर घ्या. बाजारातला एखादा अपेक्षित प्रश्नसंच घेतलात तर एकच घ्या. तीन गाईडं घेऊन कोणी पास झालेलं नाही, दुकानदार मात्र खूश होतो.

मग एका विषयाचे चार पेपर शेजारी-शेजारी पसरून बसा. प्रश्न सोडवायचे नाहीत. प्रत्येक प्रश्नापुढे पेन्सिलने धड्याचं नाव लिहायचं, एवढंच. तासाभरात दिसायला लागेल की ठराविक धडे ठराविक जागीच येतात. पुस्तकातली सोडवलेली उदाहरणं, कधी कधी आकडेही न बदलता, जशीच्या तशी उतरलेली सापडतील. कोणी सांगून हे पटत नाही, स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं की पटतं, म्हणून हे काम क्लासच्या सरांवर टाकू नका.

भाषा: निम्मे मार्क पुस्तकाबाहेर

सहाशेपैकी तीनशे मार्क भाषांचे आहेत आणि अभ्यास न झालेला मुलगा नेमका भाषांकडे दुर्लक्ष करून गणिताच्या मागे लागतो. हे उलटं करा.

मराठीच्या ८० मार्कांत उपयोजित लेखनाला २४ आणि भाषाभ्यासाला १६ आहेत. म्हणजे ४० मार्कांना धड्यांची गरजच नाही. शिवाय गद्य विभागात ४ मार्कांचा अपठित उतारा असतो. धड्यांवरचे आणि कवितांवरचे उतारेही पेपरात छापून येतात. आकृतिबंध पूर्ण करा, कारणं शोधा, चौकटी भरा, सगळं समोरच्या उताऱ्यात असतं. फक्त स्वमताच्या प्रश्नाला चार ओळी स्वतःच्या लिहायच्या.

उपयोजित लेखनात पत्र (किंवा त्याऐवजी सारांश) ६ मार्कांचं, जाहिरात-बातमी-कथा यांतले कोणतेही दोन १० मार्कांचे, आणि प्रसंगलेखन, आत्मकथन किंवा वैचारिक लेखन यांतलं एक ८ मार्कांचं. यातल्या प्रत्येकाचा एक साचा आहे आणि साच्याला स्वतंत्र मार्क आहेत. पत्रात दिनांक, प्रति, विषय, मायना, मजकूर, समारोप, खाली नाव-पत्ता आणि ई-मेल. बातमीला मथळा, स्थळ-दिनांक, 'आमच्या प्रतिनिधीकडून', मग भूतकाळात घडलेली गोष्ट. जाहिरातीत ठसठशीत ओळ, मालाची वैशिष्ट्यं, सवलत, संपर्क. यात पूर्ण वाक्यं लिहीत बसायचं नाही. कथेला शीर्षक द्या आणि निदान दोन संवाद घाला. प्रत्येक प्रकार दोनदा हाताने लिहून बघा. वाचून 'हो, येतं मला' म्हणणाऱ्याची पत्रातली 'विषय' ही ओळ परीक्षेत राहून जाते.

पत्र की सारांश? पत्र. सारांश सोपा वाटतो, पण उताऱ्यातली वाक्यंच्या वाक्यं उचलली जातात आणि मार्क कापले जातात.

भाषाभ्यासात वाक्प्रचारांना ४ मार्क आहेत, शब्दसंपत्तीला ४, समास, शब्दसिद्धी, लेखननियम आणि विरामचिन्हांना प्रत्येकी २. पुस्तकात मोजके समास आणि वाक्प्रचार आहेत, दोन दुपारी पुरतात. कवितेत एक ४ मार्कांची कृती असते ज्यात कवीचं नाव, कवितेचा विषय, आवडीनिवडीचं कारण असं विचारतात. सगळ्या कवितांचा एका पानावर तक्ता करा आणि पेपराच्या सकाळी तोच वाचा.

हिंदीत हेच तंत्र. तिथे उपयोजित लेखन २६ मार्कांचं आणि व्याकरण १४ मार्कांचं आहे. मराठीचे साचे आले की हिंदीचे एका दिवसात येतात, त्यावर जास्त लिहीत नाही.

इंग्रजीची भीती मात्र खरी आहे, विशेषतः खेड्यातल्या शाळांत. पण कृतिपत्रिका उघडून बघा. १५ मार्क न वाचलेल्या उताऱ्याचे, त्यातले ५ सारांशाचे. पत्र, संवाद किंवा भाषण, तक्त्यावरून परिच्छेद असल्या लेखनाचे वेगळे, आणि भाषांतराचे ५. म्हणजे इथेही जवळजवळ निम्मा पेपर पुस्तकाबाहेरचा. उताऱ्याचा प्रश्न आधी वाचा, त्यातला मोठा शब्द उताऱ्यात शोधा, तो जिथे सापडेल ते वाक्य उतरवा. अर्थ पूर्ण कळला नाही तरी दोन-तीन उत्तरं अशीच बरोबर येतात. तक्त्यावरून परिच्छेद लिहिताना तक्त्यातल्या प्रत्येक ओळीचं एक साधं वाक्य करायचं, त्यापलीकडे हुशारी नको. भाषांतरात चार सुटे शब्द मराठीत लिहायचे असतात, अर्ध्या-अर्ध्या मार्काचे. ते सोडून येणारी मुलं मी बघितली आहेत, केवळ तो प्रश्न शेवटी असतो म्हणून! आधी तो सोडवून टाका, फक्त क्रमांक नीट घाला. कवितेच्या रसग्रहणात यमकरचना ओळींच्या शेवटच्या शब्दांवरून काढता येते आणि अलंकार म्हणून एकाच अक्षराने सुरू होणारे लागोपाठचे शब्द किंवा पुन्हा आलेला शब्द दाखवता येतो. दोन अलंकारांची इंग्रजी नावं स्पेलिंगसह पाठ ठेवा.

गणित: वरचे तेवीस

बीजगणित आणि भूमिती दोन्हीच्या ४० मार्कांची मांडणी सारखी असते. पहिल्या प्रश्नात ४ बहुपर्यायी आणि ४ एका मार्काचे, मिळून ८. दुसऱ्या प्रश्नात कोणत्याही दोन कृती पूर्ण करा, ४ मार्क, आणि कोणतीही चार छोटी गणितं, ८ मार्क. तिसऱ्यात एक कृती ३ मार्कांची, आणि ३-३ मार्कांची दोन गणितं. चौथ्यात ४-४ मार्कांची दोन. पाचवा प्रश्न ३ मार्कांचा.

चौथा आणि पाचवा प्रश्न विसरा. ते हुशार मुलांना वेगळं काढण्यासाठी असतात. पहिला प्रश्न, दुसरा प्रश्न आणि तिसऱ्यातली कृती एवढ्याची बेरीज करा: ८, १२ आणि ३, म्हणजे २३. दोन्ही पेपर मिळून ४६. त्यातलं निम्मं जरी हाती लागलं तरी मघाचा १८चा आकडा पार होतो. आणि या ४६ पैकी १४ मार्क तर कृतींचे आहेत, जिथे गणिताच्या पायऱ्या बोर्डानेच छापलेल्या असतात आणि आपण चौकटीत राहिलेला आकडा किंवा कारण भरायचं असतं. वरची ओळ आणि खालची ओळ बघून मधली चौकट बऱ्याचदा भरता येते. चौकटी उत्तरपत्रिकेत काढायच्या, पूर्ण कृती लिहून काढायची. नुसती उत्तरं लिहून येऊ नका.

बीजगणितात सुरुवात संभाव्यतेने करा. आधीच्या कुठल्याच धड्यावर हा धडा उभा नाही, म्हणून वर्ष बुडालेल्याला सगळ्यात जवळचा. दोन नाणी टाकली तर ४ शक्यता, दोन फासे टाकले तर ३६. 'दोन फाशांवरच्या अंकांची बेरीज ७ येण्याची संभाव्यता काढा' असं आलं तर आधी नमुना अवकाश, म्हणजे सगळ्या शक्यतांची यादी लिहा, त्यात ३६ घटक आहेत हे लिहा, मग बेरीज ७ येणाऱ्या जोड्या (१,६), (२,५), (३,४), (४,३), (५,२), (६,१) लिहा, म्हणजे ६, आणि शेवटी ६ भागिले ३६, म्हणजे एक षष्ठांश. शेवटची ओळ चुकली तरी आधीच्या पायऱ्यांचे मार्क पडतात, कारण तपासणी पायरीनुसार होते. हे गणितातल्या प्रत्येक प्रश्नाला लागू आहे. सूत्र लिहा, दिलेल्या किमती लिहा, सूत्रात घाला. यापुढे अडलं तरी पान कोरं नाही.

त्यानंतर अर्थनियोजन. जीएसटीच्या उदाहरणांत राज्याचा आणि केंद्राचा कर समान असतो, एकूण दराच्या निम्मा-निम्मा. १८ टक्के म्हणजे ९ आणि ९. हे एवढं कळलं की पहिल्या-दुसऱ्या प्रश्नातली बरीच गणितं तोंडी होतात. शेअर्सचा भाग वेळ उरला तर. अंकगणिती श्रेढीत दोनच सूत्रं आहेत, एक अमुक क्रमांकाचं पद काढायचं आणि एक बेरजेचं. दोन चलांच्या समीकरणांत निश्चयक आणि क्रेमरची रीत घ्या, ती यांत्रिक आहे, विचार करावा लागत नाही. वर्गसमीकरणात अवयव पाडता येत नसतील तर सूत्राची रीत धरा. सांख्यिकीत वृत्तालेख करा: प्रत्येक घटक भागिले एकूण, गुणिले ३६०. मध्य-मध्यकाच्या लांबलचक तक्त्यांच्या नादी या पंधरा दिवसांत लागू नका.

भूमितीत पहिला मान रचनेच्या धड्याला. वर्तुळाच्या बाहेरच्या बिंदूतून स्पर्शिका, वर्तुळावरच्या बिंदूतून स्पर्शिका केंद्र वापरून आणि न वापरता, समरूप त्रिकोण. या मोजक्या रचना तीन-तीनदा काढल्या की हात बसतो. मग निर्देशक भूमिती: अंतराचं सूत्र, मध्यबिंदू, चढ. आकडे घातले की उत्तर. त्रिकोणमितीत ३०, ४५, ६० अंशांचा तक्ता आणि उन्नत कोनाचं एखादं सोपं उदाहरण. प्रमेयांपैकी पायथागोरसचं, प्रमाणाचं मूलभूत प्रमेय आणि चक्रीय चौकोनाचं, एवढी सिद्धतेसकट करा. कंपास, कोनमापक, टोकदार पेन्सिल घरूनच न्या. शेजाऱ्याकडे मागताना पर्यवेक्षक ओरडतात आणि डोकं बिघडतं.

विज्ञान आणि त्यातली निवड

भाग १ मध्ये दहा धडे, भाग २ मध्ये दहा. दोन्ही पेपरांत पहिला प्रश्न १० मार्कांचा, दुसरा १० मार्कांचा (शास्त्रीय कारणं त्यातच), तिसऱ्यात कोणतेही पाच प्रश्न ३-३ मार्कांचे आणि शेवटी एक ५ मार्कांचा. 'कोणतेही' हा शब्द आपला आधार आहे. दहापैकी पाच-सहा धडे नीट केले तर पेपर अडत नाही.

भाग २ आधी घ्या, तो सोपा आहे. सामाजिक आरोग्य, आपत्ती व्यवस्थापन आणि पर्यावरणीय व्यवस्थापन हे धडे तर वर्तमानपत्र वाचणाऱ्याला निम्मे येतातच. 'हरित ऊर्जेच्या दिशेने' या धड्यात औष्णिक, अणू, जलविद्युत अशा प्रत्येक केंद्राची प्रवाह-आकृती आहे. औष्णिकची अशी: इंधन, पाण्याची वाफ, टर्बाइन, जनित्र, वीज. बहुतेकांचा शेवट टर्बाइन आणि जनित्रानेच होतो, फरक फक्त सुरुवातीला. एक नीट समजली की बाकीच्या लक्षात ठेवाव्या लागत नाहीत. प्राण्यांच्या वर्गीकरणात प्रत्येक संघाची दोन लक्षणं आणि एक उदाहरण असा तक्ता करा.

भाग १ मध्ये भिंगांचा धडा सोनं आहे. बहिर्गोल भिंगासमोर वस्तू ठेवायच्या सहा जागा आणि त्यांच्या सहा आकृत्या. दोन किरण पुरतात: मुख्य अक्षाला समांतर जाणारा किरण भिंगातून गेल्यावर नाभीतून जातो, आणि प्रकाशीय मध्यातून जाणारा सरळ जातो. ते जिथे भेटतील तिथे प्रतिमा. सहा आकृत्या पाठ करणारा मुलगा गोंधळतो, दोन किरणांचे नियम समजलेला मुलगा सहाही काढतो. त्याच धड्यात निकटदृष्टितेला अंतर्गोल आणि दूरदृष्टितेला बहिर्गोल भिंग, हे वारंवार येतं. अवकाश मोहिमांचा धडा छोटा आहे, त्यातल्या तीन कक्षांच्या उंची पाठ करा: निम्न १८० ते २,००० किमी, मध्यम २,००० ते ३५,७८० किमी, त्यापुढे उच्च. आवर्तसारणीतून डोबेरायनर, न्यूलँड्स, मेंडेलीव्ह आणि अणूचं आकारमान आवर्तात घटतं, गणात खाली वाढतं, एवढं. गुरुत्वाकर्षणातून केप्लरचे तीन नियम आणि मुक्तिवेग ११.२ किमी प्रति सेकंद. कार्बनी संयुगांचं नामकरण मी तरी सोडून द्यायला सांगेन, ज्याला पाया नाही त्याचे त्यात दोन दिवस जातात.

आकृती विचारली नसली तरी काढा, आणि नावं पेन्सिलने स्पष्ट द्या.

भूगोलाचे चौदा मार्क

दहावीचा भूगोल म्हणजे भारत आणि ब्राझील, दुसरं काही नाही. ४० पैकी नकाशात माहिती भरणं ४, नकाशा वाचून उत्तरं ४ आणि आलेख ६, असे १४ मार्क पाठांतराशिवाय मिळतात. ब्राझीलच्या नकाशात ॲमेझॉन, मारजो बेट, पिको दी नेब्लीना, पंतनाल, अवर्षण चतुष्कोन, मनौस, ब्राझीलिया, रिओ आणि साओ पावलो, शिवाय उत्तरेकडून जाणारं विषुववृत्त आणि दक्षिणेकडून जाणारं मकरवृत्त. नकाशाला सूची करायला विसरू नका आणि नकाशा, आलेखाचा कागद पुरवणीसोबत बांधला गेलाय का ते दोनदा बघा.

भौगोलिक कारणांची बरीच उत्तरं थोड्याच गोष्टींतून निघतात: ब्राझीलचा मोठा भाग उष्ण कटिबंधात आहे, बराचसा दक्षिण गोलार्धात आहे म्हणून ऋतू आपल्या उलट, ॲमेझॉनचं खोरं घनदाट जंगलाचं आणि दमट म्हणून तिथे वस्ती विरळ, किनाऱ्याजवळ दाट. नियमित हिमवर्षाव का होत नाही, लोकसंख्या विषम का आहे, असल्या प्रश्नांना यांतलंच काहीतरी लागतं.

इतिहासाच्या पुस्तकात राजे आणि लढाया नाहीतच, हे बऱ्याच मुलांना पुस्तक न उघडल्यामुळे माहीत नसतं. इतिहासलेखनाचे पहिले दोन धडे रुक्ष आहेत, त्यानंतर प्रसारमाध्यमं, चित्रपट, खेळ, पर्यटन. बाळशास्त्री जांभेकरांचं 'दर्पण' १८३२ मध्ये, दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ मध्ये, अशा नोंदींची एक यादी केली की जोड्या आणि बहुपर्यायी सुटतात. दिलेल्या उताऱ्यावरचे प्रश्न फुकटचे. राज्यशास्त्राचे पाचच धडे आहेत, निवडणुका आणि राजकीय पक्ष हे दोन करा.

पंधरा दिवस कसे वाटायचे

पहिला दिवस जर्नल आणि पेपर जमवण्यात जाईल. त्यानंतरचे चार दिवस गणित, सकाळच्या वेळी, आणि संध्याकाळी भाषांचे साचे. मग चार दिवस विज्ञान, दोन दिवस सामाजिक शास्त्रं. उरलेल्या दिवसांत रोज एक जुना पेपर घड्याळ लावून. दोन पेपरांच्या मध्ये सुट्ट्या असतात, वेळापत्रकात त्या आत्ताच मोजा. सामाजिक शास्त्रांचं पाठांतर त्या सुट्ट्यांवर ढकलता येतं, गणित ढकलता येत नाही.

वाचायची पद्धत मात्र बदला. धडा एकदा वाचायचा, पुस्तक मिटायचं, आठवेल ते कागदावर उतरवायचं, मग राहिलेलं बघायचं. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रयोग करून दाखवलं की पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हापुन्हा वाचणारे पुढे असतात, आठवड्याने विचारलं तर आठवून लिहिणारे. रंगीत मार्करने अख्खं पान पिवळं करण्याने काहीच होत नाही.

पेपराच्या दिवशी

साडेदहाला वर्गात बसलेलं असायचं. हॉलतिकीट, दोन निळी-काळी पेनं, घड्याळ. प्रश्नपत्रिका ११ वाजता हातात पडते. आधी दहा मिनिटं वाचायला मिळायची ती २०२३ पासून बंद झाली, त्याऐवजी शेवटी दहा मिनिटं वाढवून मिळतात. गणिताला तीन मिनिटांना एक मार्क असा वेळ पडतो. सहा मिनिटांत २ मार्कांचं गणित हललं नाही तर जागा सोडून पुढे.

बहुपर्यायीत उत्तराचं अक्षर उपप्रश्नाच्या क्रमांकासह लिहा. पहिल्यांदा लिहिलेलंच उत्तर धरतात, म्हणून खाडाखोड करून दोन पर्याय लिहू नका. चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत, तेव्हा एकही कोरा सोडू नका. प्रत्येक मुख्य प्रश्न नव्या पानावर. उपप्रश्नाचा क्रमांक चुकला तर तपासणाऱ्याला उत्तर सापडत नाही, आणि शेकडो पेपर तपासून थकलेला माणूस शोधत बसत नाही.

कॉपी करू नका, हे नीतीसाठी नाही तर हिशोबासाठी सांगतोय. १९८२च्या कायद्याने तो गुन्हा आहे, आणि वर आपण केलेल्या आकडेमोडीत तिची गरज कुठेच पडत नाही. आदल्या रात्री टेलिग्रामवर 'उद्याचा पेपर' विकणाऱ्यांना पैसे देऊ नका, ते मागच्या वर्षीचा पेपर तारीख बदलून पाठवतात. त्या रात्री झोपा. जागून वाचलेलं सकाळी भूमितीच्या आकृत्यांसमोर उभं राहत नाही.

एवढं करूनही एखाद-दुसरा विषय राहिला तर अकरावीला एटीकेटीवर प्रवेश मिळतो आणि जून-जुलैत पुरवणी परीक्षा असते. मार्क अगदीच अनपेक्षित असतील तर आधी उत्तरपत्रिकेची छायांकित प्रत मागवावी लागते, त्याशिवाय पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करता येत नाही. दोन्हींच्या मुदती निकालानंतर मोजक्या दिवसांच्या असतात, आणि पुरवणीचा फॉर्म शाळेतूनच भरला जातो. निकाल लागल्यावर चार दिवस घरात दडून बसणाऱ्यांची तारीख नेमकी तिथेच चुकते.